उजव्या धमनीतला ‘अडथळा’ आणि डावीकडचा खरा प्रश्न : एका सीटी अँजिओग्राफीचे प्रकरण

या प्रकरणातील रुग्ण प्रातिनिधिक आहे. चुका मात्र रोजच्या आहेत. सीटी कॉरोनरी अँजिओग्राफीचा, म्हणजे हृदयाच्या धमन्यांच्या सीटी तपासणीचा, अहवाल हातात पडला की त्यातला टक्क्यांचा आकडा सगळ्यांच्या मनात ठसतो, आणि तो आकडा कसा आला हे विचारायचे राहून जाते. इथे ते विचारले गेले, म्हणून पुढची दिशा बदलली.

तक्रार

५७ वर्षांच्या माध्यमिक शिक्षिका, वजन ६८ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह, पाच वर्षांपासून रक्तदाब. दोन महिन्यांपासून शाळेचा जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीच्या मधोमध आवळल्यासारखे व्हायचे, ओढ डाव्या जबड्यापर्यंत जायची. कठड्याला धरून दोन-तीन मिनिटे उभे राहिले की थांबायचे. डबा खाऊन लगेच वर्गावर जायचे असेल तर त्रास पहिल्याच मजल्यावर सुरू व्हायचा, त्यामुळे घरात सगळ्यांनी त्याला पित्त ठरवले आणि दीड महिना पित्ताच्या गोळ्यांत गेला.

जेवणानंतर अन्नमार्गाकडे रक्त जास्त जाते, हृदयाचे काम वाढते, आणि त्याच वेळी चढ चढला तर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत आवळणे) लवकर येतो. म्हणजे पित्ताची समजली गेलेली खूण हृदयाकडेही तितकीच बोट दाखवत होती. छातीच्या मधोमध आवळणे, श्रमाने येणे, विश्रांतीने पाच मिनिटांच्या आत जाणे या तिन्ही अटी इथे पूर्ण होत होत्या. बायकांमध्ये अशी पुस्तकी तक्रार असूनही ती पित्त, गॅस किंवा दगदग या नावाखाली जाते, ही फार जुनी आणि महागात पडणारी सवय आहे.

विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल. इकोत डाव्या कप्प्याची पंपिंग ६२ टक्के, कुठल्याही भिंतीची हालचाल कमी नाही. हिमोग्लोबिन ११.८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८, क्रिएटिनिन (किडनीची खूण) ०.९. अंजायना येतो तो श्रमात, त्यामुळे विश्रांतीतला ईसीजी आणि इको चांगला आला म्हणून धमन्या मोकळ्या आहेत असे म्हणता येत नाही.

ट्रेडमिलने दिलेला चुकीचा इशारा

ब्रूस पद्धतीने टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून ईसीजी, झाली. पहिला टप्पा ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ, पुढे दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सहा मिनिटे वीस सेकंदांना दम आणि गुडघा दोन्हींमुळे थांबवावे लागले. ठोके १३४ पर्यंत गेले. वयानुसार कमाल २२० वजा ५७ म्हणजे १६३. त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १३९, गाठायला हवे होते. ८२ टक्क्यांवरच चाचणी संपली. छातीत हलके आवळले, पण थांबावे लागले ते त्यामुळे नव्हे. दोन, तीन आणि एव्हीएफ या खालच्या लीड्समध्ये तसेच व्ही ५, व्ही ६ मध्ये एसटी रेषा (ईसीजीतला रक्ताची कमतरता दाखवणारा भाग) एक मिमी सपाट खाली गेली.

ड्यूक स्कोअर, म्हणजे टीएमटीवरून धोक्याचा अंदाज, काढला : मिनिटे ६.३, त्यातून एसटीचा १ मिमी गुणिले ५ वजा, त्रासाचा १ गुणिले ४ वजा. उत्तर उणे २.७. अधिक ५ किंवा वर म्हणजे कमी धोका, उणे ११ किंवा खाली म्हणजे जास्त. हा मधला पट्टा, म्हणजे पुढची तपासणी हवीच.

घोटाळ्याचे बीज इथे पडले. टीएमटीच्या कागदावर ‘खालच्या भिंतीत रक्तपुरवठा कमी’ अशी ओळ आली. खालची भिंत बहुतेकांत उजव्या कॉरोनरी धमनीची, म्हणजे आरसीएची. पण व्यायामात एसटी रेषा खाली जाणे जागा दाखवत नाही. एसटी वर उचलला गेला तर तो जागा सांगू शकतो. खाली गेलेला एसटी एवढेच सांगतो की हृदयाच्या आतल्या थराला रक्त पुरत नसावे. कोणत्या धमनीमुळे, ते त्यातून कळत नाही. तरीही ती ओळ पुढच्या फॉर्मवर ‘आरसीए?’ अशी उतरली, आणि सीटी वाचणाऱ्याची नजर आधीच उजवीकडे वळली.

सीटीच्या टेबलावर काय झाले

तपासणीची निवड योग्य होती. तक्रार स्थिर आहे, आजाराची शक्यता मध्यम आहे, आधी स्टेंट किंवा बायपास नाही, अशा माणसात सीटी अँजिओग्राफी पहिली तपासणी म्हणून चांगली. २०१६ मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने तिला पहिले स्थान दिले. स्कॉटलंडमधील १२ केंद्रांतल्या ४,१४६ रुग्णांवरच्या स्कॉट-हार्ट अभ्यासात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक नेहमीच्या पद्धतीत ३.९ टक्के, तर सीटीची जोड दिलेल्या गटात २.३ टक्के होता. पाच वर्षांअखेर दोन्ही गटांत अँजिओग्राफी आणि शस्त्रक्रिया जवळपास सारख्याच झाल्या होत्या. म्हणजे फायद्याचे कारण जास्त स्टेंट हे नव्हे. धमनीच्या भिंतीत साचलेला थर (प्लाक) दिसला म्हणून योग्य माणसांना स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन सुरू झाले, हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते.

पण सीटी नीट व्हायची तर हृदय शांत हवे. मशीन ६४-स्लाइसचे. एक चित्र बनवायला त्याला जवळपास १७५ ते २०० मिलिसेकंद लागतात आणि त्या वेळात धमनी हलली तर चित्र फाटते. ठोके ६० असतील तर दोन ठोक्यांमध्ये एक सेकंद मिळतो आणि हृदय भरून थांबलेले असते तो निवांत तुकडा पुरेसा लांब असतो. ७८ ठोक्यांना दोन ठोक्यांतले अंतर ७७० मिलिसेकंदांवर येते, आणि जे कमी होते ते जवळपास सगळे याच निवांत तुकड्यातून जाते.

बाईंना ठोके कमी करणारे मेटोप्रोलॉल (बीटा ब्लॉकर) ५० मिग्रॅ दिले, पण स्कॅनच्या फक्त ३५ मिनिटे आधी. तोंडाने घेतलेल्या या गोळीचा असर भरायला एक ते दोन तास लागतात. टेबलावर ठोके ७८ होते. अशा वेळी बाहेर बसवून आणखी तासभर थांबणे हा सर्वांत स्वस्त उपाय. दमा नसेल, रक्तदाब १०० च्या वर असेल आणि ईसीजीत विजेच्या वहनाचा ब्लॉक नसेल तर तेच औषध शिरेतून ५ मिग्रॅ, पाच-पाच मिनिटांनी, साधारण १५ मिग्रॅपर्यंत देता येते. बीटा ब्लॉकर चालत नसेल तर ठोके कमी करणारे दुसरे औषध, इव्हाब्रॅडीन. इथे रुग्णांची यादी लांब होती, स्कॅन पुढे ढकलला नाही.

बाकी तयारी बरोबर होती. उजव्या हाताच्या कोपरात १८ नंबरचा हिरवा कॅन्युला. ३५० ताकदीचे आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट ७० मिलि, सेकंदाला ५ मिलि वेगाने, मागून ४० मिलि सलाईन. चार मिनिटे आधी जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा फवारा, धमन्या फुलून नीट दिसाव्यात म्हणून. हा फवारा मारण्यापूर्वी पुरुषांना सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतले का हे एकांतात विचारावेच लागते. बायको समोर असताना खरे उत्तर मिळेलच असे नाही, आणि दोन्ही औषधे एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक कोसळतो. बाईंची किडनी चांगली होती (ईजीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, ७४), त्यामुळे मेटफॉर्मिन बंद करण्याची गरज नव्हती.

आधी कॉन्ट्रास्टशिवाय कॅल्शियम स्कोअर, म्हणजे धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचे माप, झाला. आगाट्स्टन पद्धत, १९९० पासून वापरात आहे : १३० हाउन्सफिल्ड एककांच्या (सीटीतल्या घनतेचे माप) वरचा प्रत्येक ठिपका घ्यायचा, त्याचे क्षेत्रफळ मोजायचे आणि घनतेनुसार १ ते ४ ने गुणायचे. सहा चौ. मिमीचा, कमाल घनता ३५० असलेला ठिपका म्हणजे ६ गुणिले ३, म्हणजे १८. बाईंचा एकूण २१२ : एलएडीत (डावीकडची, पुढच्या भिंतीची धमनी) १८६, सर्कमफ्लेक्समध्ये (डावीकडचीच, बाजूने वळणारी) २२, आरसीएत फक्त ४. हे आकडे अहवालाच्या पहिल्या पानावर होते. दुसऱ्या पानावर निष्कर्ष असा : ‘आरसीएच्या मधल्या भागात ८० टक्के, एलएडीच्या सुरुवातीला ७० ते ८० टक्के अडथळा. अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टीचा सल्ला.’

कॅल्शियम नसलेला मऊ थरही धमनी अरुंद करतो, त्यामुळे ४ स्कोअरच्या धमनीत ८० टक्के अडथळा अशक्य नाही. पण पुन्हा एकदा बघायला भाग पाडेल इतका तो विसंगत नक्की आहे.

दुसरे वाचन

दुसरे मत घ्यायला येणारे बहुतेक जण फिल्म आणतात. फिल्मवर पहिल्या वाचकाने निवडलेली चित्रेच असतात, त्यामुळे त्यांवरून दुसरे मत देताच येत नाही. सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम डेटा (स्कॅनची सगळी मूळ चित्रे) हवा, साधारण ०.६ मिमी जाडीच्या कापांचा, आणि ईसीजीच्या नोंदीसह. तो मागवला.

आरसीएचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला. हे मशीन एका ठोक्यात सुमारे ४ सेमी उंचीचा पट्टा टिपते. हृदयासाठी तीन-चार ठोके लागतात आणि पट्टे एकावर एक जोडले जातात. ईसीजी नोंदीत स्कॅनच्या वेळी ठोके ७४ ते ८१ फिरत होते, म्हणजे प्रत्येक पट्टा हृदयाच्या थोड्या वेगळ्या क्षणी टिपलेला. धमनी उलगडून दाखवणारे वक्र चित्र सोडून साध्या उभ्या कापात पाहिले, तर ज्या उंचीवर आरसीए ‘तुटली’ होती, नेमक्या त्याच उंचीवर हृदयाची डावी कडही पायरीसारखी सरकली होती आणि शेजारची शीरही. तीन वेगळ्या गोष्टी एकाच रेषेत तुटलेल्या दिसतात तेव्हा दोष जोडणीचा असतो. त्यात आरसीएचा मधला भाग कॉरोनरी धमन्यांमध्ये सर्वांत जोरात हलतो, म्हणून तिथे धूसरपणाही होता. वक्र चित्रात ही पायरी झाकली जाते, कारण संगणक धमनीच्या मध्यरेषेमागे धावत चित्र सरळ करतो आणि शेजारपाजार दाखवतच नाही. संशय आला की मूळ कापांकडे परत जावे.

तो तुकडा ‘अडथळा’ म्हणून नाही, ‘वाचता येत नाही’ म्हणून नोंदवला गेला. हा फरक महत्त्वाचा आहे. वाचता येत नाही म्हणजे मोकळी आहे असे नव्हे.

एलएडीचा दोष वेगळा होता. तिथे थर खराच होता, पण टक्के फुगलेले. कॅल्शियम इतका चमकतो की त्याची कड शेजारच्या पिक्सेलवर सांडते आणि प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. तपासणी क्षेत्राच्या आकारानुसार पिक्सेल इथे सुमारे अर्ध्या मिमीचा होता. त्या जागी एलएडीचा व्यास २.९ मिमी. म्हणजे एक पिक्सेल इकडचा तिकडे झाला तरी व्यासाच्या १७ टक्के फरक पडतो. पहिल्या मोजणीत उरलेली वाट ०.७ मिमी, म्हणजे ७६ टक्के अडथळा. तीक्ष्ण कर्नेलने, म्हणजे कडा ठळक करणाऱ्या पद्धतीने, चित्रे पुन्हा बनवली, विंडो (चित्रातल्या उजेड-अंधाराची पट्टी) रुंद केली (रुंदी सुमारे १५००, मध्य सुमारे ३००) आणि धमनीला काटकोनात छेद घेऊन मोजले, तर वाट १.३ मिमी, म्हणजे ५५ टक्के. दोन मतांतला फरक फक्त ०.६ मिमीचा, पण त्याच्या एका बाजूला अँजिओप्लास्टीचा सल्ला आणि दुसऱ्या बाजूला ‘आधी रक्तपुरवठा तपासा’. आपल्याकडे, विशेषतः मधुमेही बायकांत, धमन्या बारीक असतात, त्यामुळे हा घोळ अधिकच होतो.

थराच्या जागी धमनी बाहेरच्या बाजूला फुगलेली होती (गुणोत्तर १.२), पण ३० एककांखालचा मऊ गाभा, तीन मिमीपेक्षा लहान कॅल्शियमचे ठिपके किंवा नॅपकिन रिंगसारखी कडी यांतले काही नव्हते. धोकादायक थर म्हणायला या चारांतल्या निदान दोन खुणा हव्यात. डावी मुख्य धमनी स्वच्छ होती, आणि पुढच्या निर्णयासाठी ही सगळ्यात मोलाची माहिती होती. सुधारित निष्कर्ष : कॅड-रॅड्स (सीटी अहवालाची ठरलेली श्रेणी) ३, थराचे प्रमाण पी२, सोबत एन, म्हणजे एक तुकडा वाचण्याजोगा नाही.

रक्त पोहोचते का, हा वेगळा प्रश्न

सीटी धमनीची वाट दाखवते. त्या वाटेने स्नायूला पुरेसे रक्त जाते का, हे ५० ते ७० टक्क्यांच्या पट्ट्यात केवळ चित्रावरून सांगता येत नाही. सरळ कॅथलॅबमध्ये (नळी घालून अँजिओग्राफी करतात ती खोली) जाऊन तारेने दाब मोजणे, म्हणजे एफएफआर, हा मार्गही चूक ठरला नसता. पण तक्रार स्थिर होती आणि डावी मुख्य धमनी मोकळी. सीटीच्याच डेटावरून एफएफआर काढणारे सॉफ्टवेअर आहे, पण हललेल्या चित्रावर त्याचे उत्तरही हललेलेच येते. डोब्युटामिन इको, म्हणजे औषधाने हृदयाला ताण देऊन केलेला इको, चालला असता. तो करणाऱ्याच्या नजरेवर बराच अवलंबून असतो आणि बाईंच्या छातीतून इकोचे चित्र मध्यमच दिसत होते. स्ट्रेस एमआरआय उत्तम, पण तो नेमाने करणारी केंद्रे मोजकी. म्हणून स्पेक्ट (किरणोत्सारी औषध टोचून हृदयाचा रक्तपुरवठा दाखवणारी तपासणी), ज्याला आपल्याकडे सगळे अजूनही ‘स्ट्रेस थॅलियम’ म्हणतात; प्रत्यक्षात सुईतून जाते ते बहुधा टेक्नेशियम-९९एम लावलेले सेस्टामिबी.

गुडघ्यामुळे व्यायामाऐवजी धमन्या फुलवणारे अ‍ॅडेनोसिन ठरले. ठरलेल्या पहिल्या दिवशी ते झालेच नाही.

“मॅडम, सकाळपासून चहा-कॉफी काही?”

“नाही हो, पाणीसुद्धा बेतानंच. डोकं दुखत होतं म्हणून एक गोळी तेवढी घेतली.”

पाकीट पर्समध्ये होते. पॅरासिटामॉलसोबत कॅफीन. ज्या रिसेप्टरवर अ‍ॅडेनोसिन बसून धमनी फुलवते तेच कॅफीन अडवते. मग धमनी फुलत नाही, आणि अडथळा असूनही चित्र सगळीकडे सारखे येते. १२ तास, शक्यतो २४ तास, चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आणि कॅफीनच्या गोळ्या बंद. ‘चहा घेऊ नका’ एवढेच सांगितले की माणसे चहाच फक्त सोडतात. रोज चार कप पिणाऱ्याला चहा सोडल्याने डोकेदुखी होणार आणि तो गोळी घेणार, हे गृहीत धरून सूचनांच्या कागदावर साधे पॅरासिटामॉल लिहून द्यावे. श्वासनलिका उघडण्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू, आणि दमा चालू असेल तर अ‍ॅडेनोसिन टाळायचेच.

चार दिवसांनी तपासणी झाली. आधी विश्रांतीची चित्रे, सेस्टामिबीचे १० मिलिक्युरी (किरणोत्साराचे माप) देऊन पाऊण तासाने. मग अ‍ॅडेनोसिन किलोला मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम, म्हणजे बाईंना मिनिटाला सुमारे ९.५ मिग्रॅ, सहा मिनिटे. तिसरे मिनिट संपताच ३० मिलिक्युरी. चेहरा तापला, छातीवर दाब आला. हे सांगून ठेवलेले असावे, नाहीतर माणूस घाबरतो. औषध थांबवले की मिनिटभरात त्रास जातो, कारण रक्तात त्याचे अर्धे आयुष्य दहा सेकंदांच्या आत असते. जास्त त्रास झाला तर अमिनोफिलिन हा उतारा हाताशी ठेवतात.

पहिल्या चित्रांत पुढच्या भिंतीवर विश्रांतीतही फिकेपणा होता. जुना अटॅक? इकोत ती भिंत छान हलत होती आणि ईसीजीतही जुन्या अटॅकची खूण नव्हती. बायकांमध्ये स्तनांच्या उतींमुळे किरण अडतात आणि पुढची भिंत खोटी फिकी दिसते. पुरुषांत पोटाच्या पडद्यामुळे खालची. सीटीच्या आधारे दुरुस्ती केल्यावर विश्रांतीतला फिकेपणा गेला. १७ भागांच्या नकाशात (प्रत्येक भागाला ० ते ४ गुण, जास्त गुण म्हणजे रक्त कमी) दुरुस्तीपूर्वी ताणाचे गुण ९ आणि विश्रांतीचे ४ होते. नंतर ५ आणि ०. दोन्हींतला फरक मात्र आधीही ५ आणि नंतरही ५. खोटा फिकेपणा गेला, आजार तेवढाच उरला : पुढच्या भिंतीचा मधला भाग २, टोकाकडचा भाग २, टोक १. एकूण ६८ पैकी ५, म्हणजे स्नायूचा सुमारे ७ टक्के. हा एलएडीचाच प्रदेश.

खालची भिंत ताणातही पूर्ण भरलेली होती. आरसीएतला तो ‘८० टक्के’ इथे अखेर मागे पडला. तिन्ही धमन्या सारख्या अडलेल्या असतील तर स्पेक्ट फसू शकते, कारण ते एका भागाची तुलना दुसऱ्याशीच करते. पण सीटीत सर्कमफ्लेक्स आणि डावी मुख्य मोकळी होती, ताणात कप्पा फुगला नव्हता (गुणोत्तर १.०२), आणि ताणानंतरची पंपिंग ६३ टक्के. दोन तपासण्या एकमेकींची भोके अशा बुजवतात. किरणांचा हिशेबही सांगायला हवा : सीटीचे सुमारे ४ आणि स्पेक्टचे १० ते १२ मिलिसिव्हर्ट. सीटी पहिल्याच वेळी नीट झाली असती तर दुसरी तपासणी लागली असतीच, पण तिचा प्रश्न फक्त एलएडीपुरता राहिला असता.

निर्णय

अँजिओप्लास्टी नाही, आधी औषधे. २०२० च्या इस्केमिया अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते, निवडीची अट रक्तपुरवठ्याची मध्यम ते तीव्र कमतरता. तरीही सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने अटॅक आणि मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतला त्रास मात्र अधिक कमी झाला. बाईंची कमतरता त्याहून लहान होती. त्यामुळे अट अशी ठरली : औषधांवर त्रास राहिला, वाढला किंवा विश्रांतीत आला, तर कॅथलॅब.

अ‍ॅस्पिरिन ७५ मिग्रॅ, रोसुवास्टॅटिन २० मिग्रॅ, मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५० मिग्रॅ, जिभेखालची नायट्रेटची गोळी, मधुमेहाच्या औषधांत फेरबदल. सहा आठवड्यांनी एलडीएल ६८ होता. लक्ष्य ५५ च्या खाली, म्हणून इझेटिमाइब १० मिग्रॅ जोडले. पुढच्या वेळी ५२. तीन महिन्यांनी शाळेचे दोन मजले न थांबता, फक्त डबा खाल्ल्यावर अर्धा तास जाऊ देऊन. सीटी पुन्हा करायची नाही. स्टॅटिनने कॅल्शियमचा आकडा कमी होत नाही, उलट थर घट्ट होताना तो वाढू शकतो, आणि तो पाहून माणूस गोळ्याच बंद करतो.

फाइलमध्ये जुना अहवाल तसाच होता. आणीबाणीत कुणी ती उघडली तर ‘आरसीए ८० टक्के’ हीच ओळ आधी दिसली असती. म्हणून सुधारित अहवाल मूळ केंद्राकडून लेखी घेतला, तो वर लावला, आणि डायकॉमची एक प्रत बाईंच्या मुलाकडे दिली.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले की जेजुरीचा गड चढता येईल का. चढता येईल : सकाळी लवकर, पोट भरलेले नसताना, पायऱ्यांवर जागोजाग थांबत, गोळी पदरच्या गाठीत नाही तर हाताला लगेच लागेल अशी. छातीत आवळले तर बसून एक गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत कमी झाले नाही तर वर न जाता १०८ ला फोन.